दिवस कुणाचा? ‘माझा दिनक्रम’ या निबंधाची आपली बखर

तिसरी-चौथीच्या वर्गात गुरुजी फळ्यावर ‘माझा दिनक्रम’ असं लिहितात आणि सांगतात, दहा ओळी लिहा. यात कुणाला काही खटकत नाही. विषय साधा, निरुपद्रवी. जात नाही, राजकारण नाही, कुणाच्या भावना दुखवायचा प्रश्न नाही. मी सकाळी सहा वाजता उठतो. दात घासतो. आंघोळ करून देवाला नमस्कार करतो. आई मला दूध देते. मग मी अभ्यासाला बसतो. अकराला शाळा. संध्याकाळी मित्रांबरोबर खेळतो. सातला शुभंकरोति. बाबा ऑफिसातून येतात. रात्री आम्ही सगळे एकत्र जेवतो आणि नऊ वाजता मी झोपतो.

दोस्तहो, हा पोरगा कोण? याच्या घरात घड्याळ आहे, मोरीत नळ आहे, भिंतीवर देव्हारा आहे. आई दिवसभर घरातच आहे. बाप ऑफिसात आहे, आणि तो रोज शुद्धीवर घरी येतो. या पोराला पाणी भरावं लागत नाही, धाकटं भावंड सांभाळावं लागत नाही, शेण-गवऱ्या, भंगार, सरपण काही नाही. याचं आडनाव वहीत कुठंच लिहिलेलं नसतं आणि तरी ते आपल्याला बरोबर कळतं.

मी आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी पोरांचा वर्ग घेतो. बारा वर्षं झाली. शाळेच्या वह्या पोरं घेऊन येतात. दरवर्षी नवी पोरं, नव्या वह्या, आणि प्रत्येक वहीत हाच एक पोरगा सहा वाजता उठून दूध पितोय. एका मुलीची आई महापालिकेच्या झाडूखात्यात आहे, साडेचारला घर सोडते. पोरगी लिहिते, ‘आई मला दूध देते.’ मी विचारलं, सकाळी चहा कोण करतं गं? म्हणाली, मीच करते, भावाला पण मीच देते, मग त्याची वेणी… नाही, त्याचा भांग पाडते. मग हे काय लिहिलंस? ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मलाच काही कळत नाही. म्हणाली, सर, निबंधात असंच लिहायचं असतं.

आठ वर्षांच्या पोरीला कळलेलं असतं की आपला दिवस लिहिण्याच्या लायकीचा नाही. लिहायचा तो दुसऱ्याचा. हे तिला कुणी तोंडानं शिकवलेलं नाही. दहा ओळींनी शिकवलं. म्हणून या दहा ओळींचा इतिहास आपण एकदा बघितला पाहिजे. तो वाटतो तेवढा लहान नाही.

ब्राह्मणी ग्रंथांत दिवसाच्या आखणीला आन्हिक म्हणतात. ब्राह्ममुहूर्तावर उठणं, शौच, स्नान, संध्या, पूजा, स्वाध्याय, भोजन. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात द्विज गृहस्थानं दिवस कसा घालवावा ते बारकाईनं सांगितलंय. वैद्यकात त्याचं नाव दिनचर्या. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातला दुसरा अध्यायच दिनचर्येचा आहे. दातवणाची काडी, तेल, व्यायाम, स्नान. वैद्यक म्हणून त्यात कामाचंही पुष्कळ आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण बघायचं ते हे, की ज्या मनूनं द्विजाला सगळा अध्याय दिला त्यानंच शूद्राचा दिवस पहिल्या अध्यायात एका श्लोकात उरकला: तिन्ही वर्णांची सेवा, आणि तीही मनात वाकडं न आणता. बस्स. त्याला पहाट नाही, दुपार नाही. आणि चांडाळाला? त्याचा दिनक्रम दहाव्या अध्यायात आहे. राहायचं गावाबाहेर. दिवसा कामापुरतं फिरायचं, तेही अंगावर खूण बाळगून. रात्री गावात-नगरात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे दिवस आणि रात्र हे शब्द आपल्या वाट्याला आले ते असे.

शाळेतल्या दहा ओळी कुणी मनूवरून उतरवून काढल्या, असं मी म्हणत नाही. गुरुजी बिचारे गाईडवरून उतरवतात. पण उठणं, स्नान, देव, अध्ययन, भोजन हा क्रम दोन्हीकडं तोच. आणि त्याखालचं गृहीतही तेच, की दिवस ही माणसाच्या ताब्यातली वस्तू आहे, त्यानं ती वाटून घ्यायची असते. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या ताब्यात आहे त्यानं काय लिहायचं, याचं उत्तर ना मनूकडं, ना गाईडात.

आपल्या बापजाद्यांचा दिवस कुणाच्या ताब्यात होता हे सांगायला कवितेची गरज नाही, कायद्याचं पुस्तक पुरेसं आहे. १८७४ चा मुंबईचा वतन कायदा. त्यात महार हा सरकारचा आणि गावाचा कनिष्ठ वतनदार नोकर. साऱ्याचा पैसा तालुक्याला पोचवा, शिवेच्या खुणा दाखवा, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढं पळा, मेल्याची खबर गावोगाव न्या, चावडीवर बसा, मेलेलं जनावर ओढा. हे सगळं पाळीनं चालायचं. येसकरपाळी म्हणायचे. बाबासाहेबांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारता’त महार वतनावर लेख लिहिले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. त्यांच्या तक्रारीचा गाभा काय होता? मोबदला कमी, हे तर होतंच. पण मुख्य म्हणजे या नोकरीला तास नाहीत. चोवीस तास बांधलेला माणूस. कोणतं काम त्याचं आणि कोणतं नाही हेही ठरलेलं नाही. आणि वतनदार घरी नसला तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामाला लावता येतं. बापाला, भावाला, जो सापडेल त्याला. म्हणजे एका माणसाचाच नाही, सगळ्या घराचा दिवस गहाण. ते बिल पुढं मागं घ्यावं लागलं. ही वतनं कायद्यानं नाहीशी व्हायला १९५८ साल उजाडलं, अंमल १९५९ पासून.

बाबासाहेबांच्या आयुष्यात ‘दिवस किती तासांचा’ हा प्रश्न पुन्हा आला तो ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भाषणांतून ती चुकीची सांगितली जाते. ‘बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले’ असं आपण ठोकून देतो. कागदावर असं आहे: १९२२ च्या कारखाना कायद्यात दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा होती. १९३४ मध्ये ती १० आणि ५४ झाली. बाबासाहेबांनी मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीनं बारमाही कारखान्यांत आठवड्याला ४८ तास ठरले. खरं कामच एवढं मोठं आहे की त्याला फुगवायची गरज नाही. आणि त्याच्याही आधी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी लढून रविवारची सुट्टी मिळवली, १८९० साली. रविवारच्या वर्गात मी पोरांना हे सांगतो. तुम्ही आज इथं बसलाय तो वारसुद्धा कुणीतरी भांडून आणलेला आहे.

आता शाळेकडं येऊ. शाळेत शिरणंच मुळात कसं होतं? १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलानं मुंबई सरकारकडं अर्ज केला, की फी भरायला तयार असून सरकारी शाळेत मला घेत नाहीत. सरकारनं कबूल केलं की न्याय मुलाच्या बाजूला आहे, आणि तरी त्याला आत घेतलं नाही. एकट्यासाठी शाळा मोडायला नको म्हणून.

याच्या एक वर्ष आधी पुण्यात काय घडलं होतं ते बघा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांगाच्या घरातली मुक्ता साळवे. चौदा वर्षांची. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’मध्ये १८५५ च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चं नाव मोठ्यानं घेतात. निबंधमाला १८७४ ची. मुक्ता एकोणीस वर्षं आधीची. लोकहितवादींची शतपत्रं तिच्याही आधीची आहेत, ते मान्य. पण शाळकरी पोरीनं स्वतःच्या समाजाचं जगणं स्वतः लिहून छापलं, असं दुसरं उदाहरण त्या काळात मला तरी दिसलेलं नाही.

मुक्ताचा निबंध आपल्याला माहीत असतो तो धर्मावरच्या प्रश्नासाठी. वेद ब्राह्मणांचेच असतील तर मग आमचा धर्म कोणता, हे तिनं देवालाच विचारलं. पेशवाईतली तालीमखान्यापुढची क्रूर कथा, वाड्याच्या पायात माणसं पुरल्याची गोष्ट, ही भाषणांत येते. त्याच निबंधातलं एक साधं दुखणं मात्र आपण घाईत ओलांडतो. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा वर छप्पर नसतं, पावसा-थंडीत त्यांचं काय होत असेल, असं ती लिहिते. ब्राह्मणांची पोरं आमच्या पोरांना दगड मारतात, डोकं फुटतं, आणि पोरं तक्रार करत नाहीत. का? तर उष्टं मागायला त्याच घरी जायचंय. हा दिनक्रम आहे! दगड सकाळी, उष्टं दुपारी, दार तेच. इतिहासकाराच्या दफ्तरात हे सापडत नाही, कारण दफ्तर लिहिणारा दाराच्या आतल्या बाजूला होता. हे त्याच पोरीला लिहिता येतं जिची भावंडं त्या दारात उभी राहतात.

असं लिहिणारी पोर कशी तयार झाली? जोतीराव-सावित्रीबाईंच्या वर्गात रोज काय चाललं याची टिपणं आपल्याजवळ नाहीत. पण जोतीरावांची दृष्टी काय होती ते १८८२ साली हंटर कमिशनपुढं दिलेल्या निवेदनात सापडतं. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून आलेले असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचं हत्यार धरायला न लाजणारे असावेत. शिकवायचं ते मोडी, बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, आणि शेतीचं व आरोग्याचं ज्ञान. म्हणजे ज्या गुरुजीला पोराच्या घरचं काम ठाऊक आहे, तोच गुरुजी. हे आपल्या निबंधाशी थेट जोडलेलं आहे. ज्या मास्तराला येसकरपाळी म्हणजे काय ते माहीत नाही त्याच्यापुढं पोरगं येसकरपाळी लिहीलच कशाला?

मुक्तानंतर मधे फार मोठी पोकळी आहे. आपली पोरं शाळेत गेली, पण दाराशी बसली. बाबासाहेबांनी स्वतःच्या शाळेचा दिवस इंग्रजीत लिहून ठेवलाय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये. त्यांच्या हयातीत ते छापलं नाही, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिका काढली. ती वाचा आणि दिनक्रम म्हणून वाचा. वर्गात एका कोपऱ्यात वेगळं बसायचं, गोणपाटावर. झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नाही म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, मास्तरची परवानगी आणि शिपाई दोन्ही पाहिजेत. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर नाही. घरी धोब्याचं काम बहिणी करायच्या आणि न्हाव्याचं थोरली बहीण. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, धोबी नव्हते असंही नाही. या माणसानं पुढं राज्यघटनेचा मसुदा केला, पण पान लिहायला बसला तेव्हा गोणपाट कोण उचलत होतं ते विसरला नाही. चळवळीतल्या पोरांना मी सांगतो, आपण १४ एप्रिलला अठरा तास अभ्यास करतो. चांगलं करतो. बाबासाहेबांचे अठरा तास आपल्याला पाठ आहेत. आपल्या आजीचे अठरा तास कुणाला सांगता येतील?

ते सांगितले आपल्या आत्मकथनांनी. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८०, शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ १९८४. आणि १९८६ साली दोन बाया एकदम पुस्तकरूपानं पुढं आल्या: शांताबाई कांबळे आणि बेबीताई कांबळे. समीक्षकांनी यावर ढीगभर लिहिलंय, ते इथं उगाळत नाही. माझ्या मुद्द्यापुरतं एवढंच, की ही पुस्तकं म्हणजे चौथीत न लिहू दिलेला निबंध मोठेपणी लिहिला असं मला वाटतं. ‘अक्करमाशी’त तर तो प्रसंगच आहे. शाळेची सहल जाते, सवर्णांची पोरं एका झाडाखाली, आपली दुसऱ्या. त्यांचं उरलंसुरलं यांच्याकडं येतं. घरी आई म्हणते, मला का नाही आणलंस. आणि दुसऱ्या दिवशी मास्तर सांगतात, सहलीवर निबंध लिहा. त्या पोरापुढं वही कोरी. त्यानं काय लिहायचं? झाडी हिरवीगार होती, पक्षी किलबिल करत होते?

बेबीताईंचं ‘जिणं आमुचं’ मी आमच्या वर्गातल्या मोठ्या मुलींना वाचून दाखवतो. त्यात सुनेचा दिवस आहे. कोंबडं आरवायच्या आधी सासू उठवते, जात्यावर बसवते, मग पाणी, मग भाकरी, भाकरी बिघडली की मार. हा दिवस लिहिणारी बाई फलटणला घरच्या छोट्या दुकानात बसायची आणि नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेले कागद लपवून ठेवायची. वीसेक वर्षं. पुढं मॅक्सिन बर्नसन या फलटणला राहणाऱ्या अभ्यासक बाईंनी आग्रह धरला तेव्हा ते बाहेर आलं. आपल्याच घरात आपल्याच बाईला आपला दिवस लिहायची चोरी! सवर्णांना शिव्या देताना हे पान दुमडून ठेवू नका. मुलींच्या वह्यांत अजून ते जिवंत आहे. भाऊ शिकवणीला जातो, मी भांडी घासते, हे पोरगी लिहिते तेव्हा तिचा बाप, जो आपल्याच शाखेचा कार्यकर्ता असतो, तो म्हणतो, हे कशाला लिहायचं?

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्यासारख्या फाटक्या लोकांचं आहे. फ्रान्सात सेलेस्टँ फ्रेने नावाचा एक खेड्यातला मास्तर होता. पहिल्या महायुद्धात छातीला जखम झालेली, मोठ्यानं बोलून शिकवायला दम पुरायचा नाही. त्यानं १९२४ साली वर्गात एक लहान छापखाना आणला. पोरांनी गावातलं, घरातलं, रस्त्यावरचं जे पाहिलं ते सांगायचं, लिहायचं, वर्गानं मिळून दुरुस्त करायचं आणि स्वतःच्या हातानं खिळे जुळवून छापायचं. मग दूरच्या गावच्या शाळेला पाठवायचं. तिकडून तिथल्या पोरांचा दिवस छापून यायचा. पुढं दुसऱ्या गावी एका मुलानं स्वप्नात नगराध्यक्षाला मारल्याचं लिहिलं, त्यावरून गावातल्या बड्यांनी काहूर माजवलं, आणि १९३३ साली फ्रेनेला ती सरकारी शाळा सोडावी लागली. म्हणजे पोरांच्या वहीला घाबरणारे तिकडंही होते. आपल्या चळवळीचं बरंचसं साहित्य स्टेन्सिल कापून, हातानं शाई फिरवून बाहेर आलं. पोरांचा दिवस त्या यंत्रावर फारसा चढला नाही. मोठ्यांची कविता चढली. आता झेरॉक्स दीड-दोन रुपयाला पान आहे, तेव्हा सबब उरलेली नाही.

वर्ग कसा घ्यायचा, ते थोडं सांगतो. नव्या कार्यकर्त्यांना हेच विचारायचं असतं.

‘दिनक्रम’ हा शब्दच मी फळ्यावर लिहीत नाही. ‘रोज’ म्हटलं की पोरगं गाईडात शिरतं. मी विचारतो, काल काय झालं? कालचा मंगळवार. उठवलं कुणी? आधी कानावर काय पडलं? पाणी आलं का, कुणी भरलं, किती हंडे? कालचा दिवस खोटा लिहिणं अवघड असतं, ‘रोज’चा सोपा. घड्याळाचे आकडे मागत नाही. आमच्या पोरांची वेळ टँकरवर असते, भोंग्यावर असते, अजानवर असते, बाप पाळीवरून येतो त्यावर असते. एका पोरानं लिहिलं होतं, ‘कुत्री भुंकायची थांबली तवा आई आली.’ मला यापेक्षा बिनचूक वेळ कुठल्या घड्याळात दिसली नाही.

भाषेवर आपल्यात भांडण आहे. काहीजण म्हणतात, पोरांना शुद्ध लिहायला शिकवा, नाहीतर परीक्षेत मार खातील. काही म्हणतात, ‘व्हतं-गेल्तं’च राहू द्या, तीच आपली भाषा. मी दोन्ही करतो. पहिल्या पानाला लाल पेन लावत नाही, जे जसं तोंडात येतं तसं. पुढच्या रविवारी तेच पान शाळेच्या मराठीत. पोरांना दोन्ही येतं हे त्यांचं त्यांनाच कळू द्यावं. शांताबाईंनी पुस्तकाचं नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ठेवलं, आणि त्या स्वतः मास्तरीण होत्या. त्यांना ‘माझ्या जन्माची’ लिहिता येत नव्हतं थोडंच! इंग्रजीचं तसंच. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तिथंही तोच दूध पिणारा पोरगा सहा वाजता उठतो, फक्त टूथब्रश घेऊन. पोरांना ‘आय फेच वॉटर’ शिकवा. क्रियापद तेवढंच लांब आहे.

आणखी एक. पान पोराचं असतं, आपलं नसतं. बापाचं पिणं, आईचा मार, घरातली उधारी, सगळं कागदावर येतं. ते वस्तीत वाचून दाखवायचं की नाही हे पोरगं ठरवील. छापताना नाव काढा, गल्ली काढा. हे पाळलं नाही तर पोरं दुसऱ्याच रविवारी पुन्हा दूध प्यायला लागतात.

हे सगळं साहित्याच्या हौसेसाठी चाललेलं नाही. तीन वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका पोरानं कालचा गुरुवार लिहिला. उठलो, पाणी भरलं, भावाला सोडलं, शाळेत गेलो, ‘मग आमी तिघांनी संडास धुतला’, मग गणिताचा तास, मग खिचडी. तक्रार नाही, उद्गारचिन्ह नाही. गणिताच्या तासासारखाच संडासाचा तास. मी विचारलं, तिघं कोण? तिघंही आमच्याच वस्तीतले. इतर वर्गातल्या पोरांना विचारलं, त्यांनी त्यांचे गुरुवार, शुक्रवार लिहून दिले. आठ पानं झाली. आठही पानांत धुणारे आपलेच, वर्गात चाळीस पोरं असून. ओमप्रकाश वाल्मीकींनी ‘जूठन’मध्ये लिहिलंय, की हेडमास्तरानं त्यांना वर्गाबाहेर काढून दिवसच्या दिवस शाळा झाडायला लावली, आणि बापानं ते पाहिल्यावर आकांत केला. ते पुस्तक १९९७ चं, प्रसंग त्याच्या कितीतरी आधीचा. आमच्या पोरानं वाल्मीकींचं नाव ऐकलेलं नव्हतं.

आम्ही आठही पानं माझ्या अक्षरात उतरवून काढली, म्हणजे अक्षरावरून पोरं ओळखू येऊ नयेत. मग पाच पालक आणि आम्ही दोघं शाळेत गेलो. शाळेचं नाव इथं देत नाही, पोरं अजून तिथंच शिकतात. मुख्याध्यापक आधी म्हणाले, असं काही होत नाही. वार आणि तास वाचून दाखवले. मग म्हणाले, पोरं स्वतः होऊन करतात, स्वच्छतेचे संस्कार आहेत. मी म्हणालो, संस्कार चांगलेच आहेत, मग बाकीच्या बत्तीस-तेहतीस पोरांना का नाही देत? ते गप्प झाले. महिन्याभरात बाई कामाला ठेवली. भाषणं करून, निवेदनं देऊन हे झालं असतं का? झालंही असतं कदाचित. पण निवेदनात ‘आमच्या मुलांवर अन्याय होतो’ असं असतं, आणि वहीत ‘गणिताच्या आधी’ असं असतं. वार आणि तास असला की समोरच्याला निसटता येत नाही. बाबासाहेबांचं वतनाचं बिल असंच होतं. किती तास, कोणतं काम, कुणाच्या हुकमानं.

गेल्या वर्षापासून आम्ही मोठ्या पोरांना दुसरं काम दिलंय. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाचा एक दिवस लिहून आणायचा. याला घाई आहे. वतनं गेली १९५९ साली. तेव्हा जे पोर दहा वर्षांचं होतं, बापाबरोबर येसकरपाळीला गेलं होतं, ते आज पंचाहत्तरीच्या पुढं आहे. त्यांच्यामागं हे सांगणारं कुणी नाही. गॅझेटियरमध्ये महाराची कामं छापलेली आहेत, पण ती साहेबाला दिसली तेवढी. पाळीच्या दिवशी घरात चूल कधी पेटायची, मागून आणलेल्या भाकरीची वाटणी कोण करायचं, शिळी कुणाच्या वाट्याला, घोंगडं एकच असलं तर रात्री चावडीवर कोण न्यायचं, हे साहेबाला कुठून कळणार? हे असे प्रश्न आम्ही कागदावर लिहून पोरांच्या हातात देतो, कारण ‘आजी, तुझा दिनक्रम सांग’ म्हटलं तर आजी काहीच सांगत नाही. तिला वाटतं, सांगण्यासारखं काय आहे त्यात.

नववीतल्या एका मुलीनं मात्र नातीच्या हक्कानं सरळ विचारलं, आज्ये, लहानपणी तुमचा दिवस कसा जायचा? आजीनं उलट विचारलं, कंचा? पाळीचा का बिनपाळीचा? पोरीला पाळी म्हणजे दुसरंच वाटलं, ती लाजली. मग आजी हसली, आणि तिनं दोन्ही दिवस सांगितले. पोरगी चार पानं लिहून घेऊन आली. साडेतीन पानं पाळीच्या दिवसाची होती.